कोरडा उन्हाळा, ओला उन्हाळा

उन्हाळा तो उन्हाळाच, मग तो चंद्रपूरचा असो की मालवणचा, असे आपण सहज बोलून जातो. पण चंद्रपूरच्या माणसाला वैशाखात मालवणास न्या. तिथला पारा ३४-३५ अंशांवर पाहून तो आधी हसेल. घरी त्याने ४५ अंश सोसलेले असतात. तासाभरात सदरा पाठीला चिकटला की मात्र म्हणेल, "यापेक्षा आमचे ऊन परवडले!" उलट मालवणचा पाहुणा चंद्रपुरास गेला, तर "इथे घामच येत नाही" म्हणून खूश होईल, पाणी प्यायचे विसरेल आणि संध्याकाळी डोके धरून बसेल. त्याला घाम आला नव्हता असे नाही. तो येताक्षणी वाळत होता, एवढेच.

मंडळी, घाम आला म्हणजे अंग निवते असे नव्हे. घाम वाळला म्हणजे निवते. पाण्याची वाफ व्हायला उष्णता लागते आणि ती आपल्या कातडीतून घेतली जाते. किती म्हणाल, तर लिटरभर गार पाण्याला आधण आणायला जेवढी उष्णता लागते, तिच्या सुमारे सातपट! पण घाम वाळायला हवा कोरडी पाहिजे. कोकणातली हवा समुद्राच्या बाष्पाने आधीच भरलेली असते. घाम तिच्यात मुरत नाही, नुसता ओघळतो. पाणी गेले, मीठ गेले, अंग मात्र तापलेलेच.

शिक्षक मित्रांनी हे वर्गात करून दाखवावे. प्रयोगशाळेतले दोन तापमापक घ्या. एकाच्या फुग्याला ओली चिंधी गुंडाळा, दोन्ही सावलीत टांगा आणि पुठ्ठ्याने वारा घाला. ओल्या चिंधीचा पारा खाली उतरेल. दोन पाऱ्यांत अंतर जितके जास्त, तितकी हवा कोरडी. अंतर थोडेच राहिले, तर त्या दिवशी घामाच्या भरवशावर राहू नये. मग नागपुरात माठातले पाणी इतके गार का होते आणि रत्नागिरीत तितके का होत नाही, हे मुलेच तुम्हांला सांगतील.

आपल्या वाडवडिलांनी हा भेद ओळखून घरे बांधली. मराठवाडा-खानदेशातल्या धाब्याच्या घराला जाड भिंती आणि लहान खिडक्या, कारण तिथे दुपारचा वारा घरात नको. कोकणात उतरती कौले, पुढे-मागे पडवी, कारण तिथे वाराच हवा. आज दोन्हीकडे पत्रे आले आहेत. पत्र्याखाली राहावे लागत असेल, तर वर पेंढा किंवा झावळ्या घाला, निदान चुना तरी फासा.

उपायही असेच वेगळे. विदर्भात डोके-कान दुपट्ट्याने झाका, अंगभर सैल सुती कपडे घाला, दुपारी दारे-खिडक्या लावून घ्या. वाळ्याचे पडदे आणि कूलर तिथे उत्तम काम देतात. पण तोच कूलर कोकणात बंद खोलीत लावाल, तर ओल आणखी वाढेल. तिथे खिडक्या उघड्या ठेवा, पंखा लावा, ओल्या फडक्याने अंग पुसून वाऱ्याला बसा. खिशात कांदा ठेवून मात्र ऊन टळत नाही. तो भाकरीबरोबर खाल्लेला बरा.

पाणी दोन्हीकडे लागते, तहान लागण्याआधीच लागते. ताक, पन्हे, आंबील, मीठ घातलेली पेज, कोकम सरबत, जे घरी असेल ते घ्या. फार घाम जाऊन अशक्तपणा आला असेल, तर लिटरभर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घालून ते थोडे थोडे प्यावे. कामाला परगावी गेलेल्या मजुरांनी पहिला आठवडाभर काम बेताने करावे. नव्या उन्हाची सवय व्हायला शरीराला एक-दोन आठवडे लागतात.

पारा कमी आहे म्हणून निर्धास्त राहू नका. १६ एप्रिल २०२३ रोजी नवी मुंबईत खारघर येथे उघड्या मैदानावर मोठा सोहळा झाला. पारा सुमारे ३८ अंशांवर होता. विदर्भात त्याला कोणी फारसे ऊनही म्हणणार नाही. तरी तिथे उष्माघाताने दहाहून अधिक माणसे दगावली. हवामान खातेही हा भेद मानते. उष्णतेच्या लाटेचा विचार करताना मैदानी प्रदेशाला ४० अंशांची अट, तर किनाऱ्याला ३७ अंशांचीच.

आता सर्वांत महत्त्वाचे. उन्हात राबणारा माणूस असंबद्ध बोलू लागला, झोकांड्या देऊ लागला किंवा बेशुद्ध पडला आणि अंग भाजत असेल, तर तो उष्माघात समजा. "घाम येतो आहे, म्हणजे ऊन लागलेले नाही" हा समज घातकी आहे. कष्टाचे काम करणाऱ्याला उष्माघातातही घाम असू शकतो. त्याला सावलीत न्या, जादा कपडे काढा, अंगावर भरपूर पाणी ओता आणि जोराने वारा घाला. काखेत, मानेशी, जांघेत बर्फ किंवा गार पाण्याचे फडके ठेवा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नका, ते श्वासनलिकेत जाईल. एकाने १०८ क्रमांकावर गाडी बोलवावी. बाकीच्यांनी गाडी येईपर्यंत पाणी ओतणे थांबवू नये. अशा वेळी मिनिटामिनिटाला मोल असते.

शेतीची कामे सकाळी लवकर उरका, उरलेली उन्हे कलल्यावर करा. आणि दुपारी शेजारच्या एकट्या म्हाताऱ्या माणसाच्या दारात डोकावून, "आजी, पाणी प्यालात का?" एवढे विचारायला विसरू नका.