पालघरच्या उत्तर भिंतीवरचं ऊन

भर दुपारी सूर्य दक्षिणेकडे असतो, हे आपण शाळेपासून धरून चाललेलो. मग जूनच्या सुरुवातीला, पाऊस भरून यायच्या आत, पालघरात दुपारी एक काठी उभी करून बघा. बोटभर सावली पडेल, आणि तीही दक्षिणेला! पालघर आहे कर्कवृत्ताच्या खाली, साधारण १९.७ अंशांवर. मे महिन्याच्या मध्यावर एका दुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो, सावली पायाखाली गडप होते आणि तिथून जुलैच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत दुपारचा सूर्य आपल्या उत्तरेला असतो.

ही गोष्ट सरकारी कागदात कुठे सापडावी? घरांसाठीच्या ऊर्जा संहितेत. डिसेंबर २०१८ मध्ये केंद्राने 'इको निवास संहिता' आणली. भिंत ज्या दिशेला, तसा तिचा गुणक, आणि त्यासाठी तिने देशाचे २३.५ अंशांवर दोन भाग केले. वरच्या भागात उत्तर भिंतीचा गुणक ०.५५. आपल्याकडे तोच ०.६६! दक्षिण भिंतीचं उलट: तिथे १.०९, इथे ०.९७. पूर्व-पश्चिम मात्र दोन्हीकडे १.१५च्या आसपास. पृथ्वीचा कललेला अक्ष थेट बांधकामाच्या हिशेबात येऊन बसलाय.

हिशेब कसला? बाहेरच्या भिंती-खिडक्यांतून आत शिरणाऱ्या उष्णतेचा. इमारतीची सरासरी चौरस मीटरमागे १५ वॅटच्या वर जायची नाही. (छपराची मर्यादा वेगळी.) आपल्या किनाऱ्यासारख्या उष्ण-दमट हवेसाठी सूत्रात तीन आकडे आहेत: भिंतीतून झिरपणाऱ्या उष्णतेला ५.१५, काचेतून झिरपणाऱ्या उष्णतेला १.३१ आणि काचेतून सरळ आत घुसणाऱ्या उन्हाला ६५.२१. पासष्ट!

एक पश्चिमेची भिंत घेऊ. नऊ इंची विटांची, पाचवा हिस्सा साधी काच, वर छज्जा नाही. आकडे घातले की विटांतून येतात साडेनऊ वॅट, काच तापून पावणेदोन आणि काचेतून आलेल्या उन्हाचे बारा. एकूण तेवीस. म्हणजे भिंतीचा पाचवा भाग निम्म्याहून जास्त उष्णता घरात आणतो. आता विटांच्या जागी सहा इंच जाडीचं नुसतं काँक्रीट घाला, उंच टॉवरांत मिवान पद्धतीने ओततात तसं. काच बाजूला ठेवली तरी एकट्या भिंतीतूनच जवळजवळ अठरा!

आणि एएसी ब्लॉक घातले तर? साडेतीन. ही किमया हवेची. सिमेंट, चुना आणि बहुतेकदा औष्णिक केंद्राची राख यांच्या ओल्या मिश्रणात चिमूटभर ॲल्युमिनियमची भुकटी टाकतात. हायड्रोजन सुटतो, मिश्रण ढोकळ्यासारखं फुगतं आणि मग ते दाबाखालच्या वाफेत पक्कं होतं. हायड्रोजन उडून जातो, बुडबुड्यांत हवा भरते आणि उष्णतेची वाट अडते. त्यावर खिडकीला चांगला छज्जा दिला, आत येणारं ऊन ऐंशी टक्क्यांवरून पन्नासवर आणलं, की आपली तेवीसची भिंत तेरावर येते. एसी नाही, वीज नाही. केळवे-माहीमच्या जुन्या घरांची पडवी हेच करत आली, तेही सूत्राशिवाय.

मोठ्या व्यापारी इमारतींची संहिता याहून जुनी, २००७ची. २००१च्या ऊर्जा संवर्धन कायद्यानुसार संहिता केंद्राची, ती आपल्या हवामानाला जुळवून लागू करायचं काम राज्याचं. महाराष्ट्रात त्यासाठी नेमलेली संस्था 'महाऊर्जा'. पण गंमत पुढे आहे. पालघरला नगरपरिषद, बोईसरला ग्रामपंचायत, तारापूरच्या कारखान्यांना एमआयडीसीची स्वतःची नियमावली. तीच हवा, तोच सूर्य, आणि नकाशे वेगवेगळ्या टेबलांवर! मला तरी संहितेतलं सर्वांत अवघड गणित हेच वाटतं.

सर्वांत चलाख कलम मात्र खिडकीचं आहे. दमट हवेत भिंत कितीही चांगली असो, वारा हवाच. म्हणून आपल्याकडे उघडणारी जागा चटईक्षेत्राच्या निदान एक षष्ठांश लागते. तीनशे चौरस फुटांच्या फ्लॅटला पन्नास. आता बोईसरच्या कुठल्याही नव्या इमारतीकडे बघा: सरकत्या खिडक्या. दोन तावदानांची सरकती खिडकी उघडते किती? निम्मीच, आणि संहिताही तिला निम्मीच मोजते. पन्नास हवेत तर शंभर फूट खिडकी घ्या. पण काच वाढली की तो पासष्टचा आकडा डोकं वर काढतो. बिजागरीच्या खिडकीला नव्वद टक्के धरतात, म्हणजे छप्पन्न फुटांत काम झालं. बुकिंगला गेलात की कार्पेट एरियाबरोबर हेही विचारा: खिडकी सरकते की उघडते?