बेळगाव ते इंदूर : विमानमार्गाचे अंतर व प्रवासाचा काळ

दूरच्या प्रवासाचा बेत आखताना तिकिटावर छापलेला काळ हाच संपूर्ण प्रवासाचा काळ, असा समज पुष्कळदा करून घेतला जातो. त्यापायी मुलाखत, न्यायालयाची तारीख किंवा रुग्णालयातील तपासणी हुकण्याचा प्रसंग ओढवतो. म्हणून अंतर व काळ यांचा हिशेब समजून घेणे अगत्याचे आहे. बेळगाव व इंदूर यांच्या उदाहरणावरून तो सहज ध्यानात येईल.

बेळगावचा सांबरा विमानतळ सुमारे १५ अंश ५२ कला, तर इंदूरचा देवी अहिल्याबाई होळकर विमानतळ सुमारे २२ अंश ४३ कला उत्तर अक्षांशावर आहे. हा फरक ४११ कलांचा होतो. अक्षांशाची एक कला म्हणजे एक सागरी मैल, अर्थात १.८५२ किलोमीटर. यावरून इंदूर हे बेळगावच्या उत्तरेस सुमारे ७६१ किलोमीटर असल्याचे दिसते. रेखांशांतील फरक ७१ कलांचा असून या भागात रेखांशाची एक कला सुमारे पावणेदोन किलोमीटर भरते. म्हणजेच इंदूर सुमारे १२४ किलोमीटर पूर्वेसही आहे. या दोन बाजूंचा कर्ण काढल्यास सरळ अंतर सुमारे ७७० किलोमीटर येते. नकाशा व पायथागोरसाचा सिद्धांत यांची सांगड घालणारे हे उदाहरण शिक्षकांना वर्गात उपयोगी पडेल. पुणे, नाशिक व धुळे या मार्गाने रस्त्याचे अंतर मात्र नऊशे किलोमीटरांहून अधिक आहे.

ताशी ८०० किलोमीटर वेगाच्या जेट विमानास हे अंतर कापण्यास गणिताने ५८ मिनिटे, तर ताशी ५०० किलोमीटर वेगाच्या पंख्याच्या विमानास ९२ मिनिटे लागतात. प्रत्यक्षात चढताना व उतरताना वेग कमी असतो. दोन्ही ठिकाणच्या धावपट्ट्या साधारणतः पूर्व-पश्चिम असल्याने उत्तरेकडे निघालेल्या विमानास वळण घ्यावे लागते. शिवाय वेळापत्रकातील काळ विमान जागेवरून हलल्यापासून दुसऱ्या विमानतळावर थांबेपर्यंतचा असतो. त्यामुळे जेट विमानास सुमारे दीड तास, तर पंख्याच्या विमानास सुमारे दोन तास धरणे योग्य ठरते.

आता खानापूर तालुक्यातील एखाद्या प्रवाशाचा हिशेब पाहू. घरापासून सांबऱ्यापर्यंत दीड तास, उड्डाणापूर्वी विमानतळावर दोन तास, जेट विमानात दीड तास आणि सामान घेऊन इंदूर शहरात पोहोचण्यास एक तास, असे एकूण सहा तास होतात. आकाशातील प्रवास त्यांपैकी जेमतेम पाव हिस्सा होय.

थेट विमान नसेल तेव्हा अन्य शहरातून जावे लागते. हैदराबादमार्गे हेच अंतर सुमारे १,१०० किलोमीटर होते व मधल्या थांब्याचा काळ वेगळा मोजावा लागतो. दोन्ही टप्प्यांची तिकिटे स्वतंत्रपणे काढलेली असल्यास, पहिल्या विमानास उशीर झाला तरी दुसरे विमान थांबत नाही. यास्तव दोन्ही टप्पे शक्यतो एकाच तिकिटावर घ्यावेत, निघण्यापूर्वी चालू वेळापत्रक तपासावे आणि महत्त्वाचे काम असल्यास आदल्या दिवशीच मुक्कामी पोहोचावे.