कौतुक कुणाचं, कशाचं आणि कशासाठी?

दिवाळीच्या सुट्टीआधी सहामाही परीक्षा होते, प्रगतिपुस्तक हातात पडतं आणि शाळेचं पहिलं सत्र संपतं. घरोघरी पहिला प्रश्न येतो, "किती टक्के?" आकडा चांगला असला तर पेढे, कमी असला तर बोलणी. पण जूनपासून ऑक्टोबरपर्यंत आपली मुलगी शाळेत काय काय करत होती, हे त्या एका आकड्यात मावत नाही. म्हणून आज आपण बोलणार आहोत शाळेतल्या कौतुकाबद्दल. ते कसं करावं, कुणाचं करावं आणि त्याचा मुलीच्या पुढच्या शिक्षणाशी काय संबंध आहे.

आधी सत्रभर काय काय घडतं ते आठवून बघू. जूनमध्ये प्रवेशोत्सव. मग पुण्यात पालख्या येतात, तेव्हा शाळाशाळांतून दिंड्या निघतात. एक ऑगस्टला लोकमान्य टिळकांच्या पुण्यतिथीनिमित्त भाषणं, पंधरा ऑगस्टला संचलन आणि समूहगीत. पाच सप्टेंबरला मोठ्या वर्गातल्या मुली एक दिवस बाई होऊन धाकट्यांना शिकवतात. नवरात्रात भोंडला. पंधरा ऑक्टोबरला डॉ. कलामांच्या जयंतीला वाचन प्रेरणा दिन. अधूनमधून चित्रकलेच्या ग्रेड परीक्षा, मैदानी स्पर्धा, विज्ञान प्रदर्शनाची तयारी, हस्तलिखित, आणि ज्या शाळा उतरतात त्यांच्यासाठी भालबा केळकर करंडकासारखी नाट्यस्पर्धा. एवढं सगळं मुलं करतात, आणि स्टेजवर नावं पुकारली जातात ती मोजक्यांची. बहुतेक वेळा तीच ती.

नाटकाचंच उदाहरण घ्या. बक्षीस मिळतं अभिनयाला, दिग्दर्शनाला. पण कुणीतरी सगळ्यांचे संवाद पाठ करून आडोशाला उभी असते आणि अडलेलीला पुढचा शब्द सांगते. कुणी घरातल्या जुन्या साडीतून नऊवारी बेतते. कुणी प्रत्येक तालमीनंतर वर्ग झाडून बाकं जागेवर लावते. या मुलींचं काम कमी प्रतीचं नसतं. फक्त त्याला नाव नसतं, आणि ज्याला नाव नाही त्याचं कौतुक करणं अवघड जातं. म्हणून कौतुकाची पहिली पायरी ही की कामाचं नाव घ्यायचं. नुसतं "शाब्बास, छान केलंस" म्हणून सोडून द्यायचं नाही. "तू सगळ्या तालमींना वेळेवर आलीस आणि एकीचंही वाक्य चुकू दिलं नाहीस" असं सांगायचं. ऐकणारीला कळतं की आपल्याकडे कुणीतरी नीट पाहिलं आहे.

यामागे थोडं शास्त्रही आहे. अमेरिकेत क्लॉडिया म्यूलर आणि कॅरल ड्वेक या दोघींनी 1998 साली पाचवीतल्या मुलांवरचे काही प्रयोग प्रसिद्ध केले. मुलांना कोडी सोडवायला दिली. मग काहींना सांगितलं, तुम्ही हुशार आहात. काहींना सांगितलं, तुम्ही मेहनत चांगली घेतली. त्यानंतर अवघड कोडी दिल्यावर हुशार म्हटलेली मुलं लवकर खचली, आणि पुढच्या खेपेला सोपं काम मागू लागली. मेहनतीचं कौतुक झालेली मुलं मात्र अवघड कामाला हात घालायला तयार होती. आपल्या घरातही हे दिसतं. "आमची मुलगी फार हुशार" असं चारचौघांत सतत ऐकलेली मुलगी एका पेपरात कमी गुण पडले की तो पेपर दप्तरात लपवते. हुशारी गेली की काय, अशी तिला भीती वाटते. मेहनत कुठे जात नाही, ती पुन्हा करता येते.

आपल्या पुण्यात मुलींच्या कौतुकाचा इतिहास जुना आहे आणि तो माहीत असायला हवा. जोतीराव आणि सावित्रीबाईंनी 1848 मध्ये भिडेवाड्यात मुलींची शाळा काढली. तेव्हा मुलींनी शिकणं म्हणजे धर्म बुडणं, असं म्हणणारे पुष्कळ होते. त्यांना उत्तर म्हणून या शाळांच्या परीक्षा चारचौघांसमोर घेतल्या जात. फेब्रुवारी 1853 मध्ये पुण्यात अशी जाहीर परीक्षा झाली, तेव्हा ती बघायला लोकांची मोठी गर्दी लोटली होती. मुली वाचतात, हिशेब करतात, प्रश्नांना उत्तरं देतात, हे लोकांनी डोळ्यांनी पाहिलं. म्हणजे तो समारंभ नुसता बक्षिसांचा नव्हता. मुलगी शिकू शकते याचा तो पुरावा होता.

याच शाळांमधली एक आठवण नेहमी सांगितली जाते. बक्षीस द्यायला आलेल्या पाहुण्यांना एका मुलीने सांगितलं की आम्हांला खेळणी, खाऊ नको, आमच्या शाळेला ग्रंथालय द्या. याच शाळेत शिकलेल्या मुक्ता साळवेचा 'मांग महारांच्या दुःखाविषयी' हा निबंध 1855 मध्ये 'ज्ञानोदय'मध्ये दोन भागांत छापून आला. एका शाळकरी मुलीचं लिखाण महाराष्ट्राने वाचलं आणि आजही वाचतो. मैत्रिणींनो, विद्यार्थिनीच्या लिखाणाचं याहून मोठं कौतुक काय असू शकतं? तिला हार घातला नाही. तिचं म्हणणं छापलं, लोकांपुढे ठेवलं. पुढे 1884 मध्ये हुजूरपागा शाळा निघाली आणि पुण्यातल्या मुलींना माध्यमिक शिक्षणाचा दरवाजा उघडला.

आता आजच्याकडे येऊ. दहावीचा निकाल लागला की आपल्या चौकाचौकांत फ्लेक्स लागतात. नव्वद टक्के मिळवणाऱ्या मुलीचा फोटो, आजूबाजूला शुभेच्छुकांचे तिच्याहून मोठे फोटो. मुलीला आनंद होतो, आपल्यालाही होतो. त्यात वाईट काही नाही. पण आठ दिवसांत फ्लेक्स उतरतो. अकरावीचा प्रवेश, क्लासची फी, बसचा पास हे प्रश्न तिथेच असतात. ज्या कौतुकाने पुढची पायरी चढता येते ते कौतुक पक्कं, हे त्या ग्रंथालय मागणाऱ्या मुलीला पावणेदोनशे वर्षांपूर्वी कळलं होतं.

पुढची पायरी म्हणजे काय, ते नीट समजून घेऊ. शिक्षणहक्काचा कायदा 6 ते 14 वर्षांच्या मुलांसाठी आहे, म्हणजे साधारण आठवीपर्यंत. नववीपासून कायद्याचं ते छत्र राहत नाही. महाराष्ट्रात मुलींना बारावीपर्यंत फीमाफी आहे, तरीही वह्या, गाईड, प्रवास, क्लास हा खर्च उरतोच. आणि याच वयात घरात बोलणं सुरू होतं. धाकट्याला कोण बघणार, आईच्या धुण्याभांड्याच्या कामाला हातभार कोण लावणार, आता पुरे झालं शिक्षण. त्या वेळी आईला बाजू मांडायची असेल तर हातात काहीतरी हवं. शाळेने दिलेलं प्रमाणपत्र, बाईंनी प्रगतिपुस्तकात लिहिलेलं वाक्य, मिळालेली शिष्यवृत्ती, हे सगळं तेव्हा उपयोगी पडतं. "शाळेला ही मुलगी हवी आहे" असं आई सांगू शकते. ज्या मुलीचं वर्षभर कुणी नावच घेतलं नाही, तिची शाळा सोडवणं घराला सोपं जातं. कौतुकाचा प्रश्न आम्हांला महत्त्वाचा वाटतो तो यासाठी.

म्हणून सत्रात घडणाऱ्या काही गोष्टींची माहिती प्रत्येक आईला हवी. पहिली, आठवीतली राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्ती परीक्षा, जिला शाळेत एनएमएमएस म्हणतात. सरकारी, महापालिकेच्या आणि अनुदानित शाळांतल्या, वर्षाला साडेतीन लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलांसाठी ती आहे. निवड झाली तर नववी ते बारावी दर वर्षी 12,000 रुपये मिळतात. शाळा सुटण्याचा धोका ज्या चार वर्षांत असतो, नेमक्या त्याच वर्षांसाठी हे पैसे आहेत. अर्ज शाळेमार्फत जातो, त्यासाठी उत्पन्नाचा दाखला लागतो आणि तो काढायला वेळ जातो. तेव्हा पहिल्या सत्रातच बाईंना विचारा. निवड झाल्यावर दर वर्षी नूतनीकरणही करायचं असतं, ते विसरू नका.

दुसरी, चित्रकलेची इंटरमिजिएट परीक्षा. त्यात मिळालेल्या श्रेणीचे वाढीव गुण दहावीला मिळतात. मैदानी खेळांचंही तसंच, ठरावीक पातळीपर्यंत खेळलेल्या मुलींना सवलतीचे गुण असतात. "खेळून काय मिळणार" म्हणणाऱ्यांना हे सांगा. आणि तिसरी, दहावी-बारावीत चांगले गुण मिळवणाऱ्या शहरातल्या मुलांना पुणे महापालिका अर्थसाहाय्य देते. त्याच्या अटी आणि तारखा त्या त्या वर्षी बघाव्यात.

आता घरी काय करायचं? आठवीपर्यंतच्या प्रगतिपुस्तकात गुणांच्या आणि श्रेणीच्या बाजूला नोंदी असतात. विशेष प्रगती, आवड-छंद, सुधारणा आवश्यक. आपण सही करतो आणि परत देतो. या वेळी सही करण्याआधी त्या नोंदी मुलीकडून मोठ्याने वाचून घ्या. ज्या मैत्रिणींना वाचता येत नाही त्यांनी तर जरूर. मुलगी स्वतःबद्दल लिहिलेलं चांगलं स्वतःच्या तोंडाने वाचते, ही मोठी गोष्ट आहे. मग तिला विचारा, या सत्रात तुला काय अवघड गेलं आणि ते तू कसं जमवलंस? टक्क्यांचा प्रश्न त्याच्यानंतर. आणि एक साधी फाईल करा. प्रमाणपत्रं, चित्रं, छापून आलेला एखादा लेख, गुणपत्रिका, दाखले, सगळं एका जागी. पावसाळ्यात गळक्या छताखाली भिजणार नाही अशा जागी.

शाळेकडे काय मागायचं? पालक-शिक्षक संघाच्या सभेला आपण जातो, सही करतो, चहा घेतो. तिथे दोन गोष्टी सुचवता येतील. एक म्हणजे पूर्ण हजेरीचं बक्षीस. हेतू चांगला आहे, पण आजारी आईजवळ बसलेली किंवा पाळीच्या त्रासाने घरी राहिलेली मुलगी त्यात कधीच बसत नाही. त्याच्या जोडीला हजेरी सुधारल्याचं बक्षीस ठेवा असं सुचवावं. मागच्या वर्षी साठ दिवस बुडालेली मुलगी या वर्षी वीसच दिवस बुडाली असेल, तर तिने मोठा डोंगर चढला आहे. दुसरी गोष्ट, सत्राच्या शेवटी प्रत्येक वर्गाचा एक तास असा ठेवावा की प्रत्येक मुलीने दुसऱ्या एका मुलीने केलेलं एक काम सांगायचं. त्याला खर्च नाही, पाहुणे नाहीत, श्रीफळ आणि शालही नाही. मोठ्या वर्गात वेळ लागतो, तेव्हा दोन तासांत वाटून घ्यावं. आपण पालक मदतीला जाऊ शकतो.

शाळेतल्या बाईंना वेळ कमी असतो हे आम्हांला ठाऊक आहे. एका वर्गात साठ-साठ मुलं, वर सर्वेक्षणं आणि निवडणुकीची कामं. म्हणून नुसती मागणी करून थांबू नये. ज्या बाईंनी आपल्या मुलीबद्दल नीट नोंद लिहिली, त्यांना शाळेच्या दारात गाठून "तुम्ही लिहिलेलं वाचलं, बरं वाटलं" एवढं सांगावं. कौतुकाची गरज बाईंनाही असते.

तर मैत्रिणींनो, या दिवाळीत फराळाची तयारी करता करता तुमच्या मुलीला तिच्या सत्राबद्दल विचारा. तिची मैत्रीण शेजारी असेल तर तिलाही विचारा, कारण तिच्या घरी कदाचित कुणी विचारलं नसेल. आणि आठवीतली मुलगी घरात असेल तर उत्पन्नाच्या दाखल्याचं काम सुट्टीतच हातावेगळं करा. पुन्हा भेटूच. नमस्कार.