मालवण : पाहण्याजोगे आणि जपण्याजोगे

कोल्हापूरच्या शिवाजी पेठेलगत, रंकाळ्याच्या बाजूने पश्चिमेस निघालेला मार्ग गगनबावड्याहून घाट उतरून कोकणात जातो. या वाटेने मालवण गाठणाऱ्या प्रवाशास हे बंदर परके वाटण्याचे कारण नाही. मालवणचा सिंधुदुर्ग इंग्रजांनी १७६५ मध्ये घेतला व पुढील वर्षी कोल्हापूर राज्यास परत केला. १८१२ च्या तहाने मात्र तो कायमचा त्यांच्या हाती गेला.

कुरटे बेटावरील जलदुर्ग

शिवछत्रपतींनी २५ नोव्हेंबर १६६४ रोजी या दुर्गाची पायाभरणी केली. त्या वेळी पूजन झालेला मोरयाचा धोंडा किनाऱ्यावर आजही दाखविला जातो. बेट सुमारे ४८ एकरांचे आहे. वळणदार तटामुळे महाद्वार दुरून दिसत नाही. खाऱ्या पाण्याने वेढलेल्या या बेटावर दूधबाव, दहीबाव व साखरबाव या तीन गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत. त्यांच्या आधारावरच येथे वस्ती टिकली. श्रीशिवराजेश्वर मंदिरातील महाराजांची मूर्ती दाढीविरहित आहे. तेथे नित्य पूजा होते. जुलै २०२५ मध्ये ‘भारतातील मराठा लष्करी भूप्रदेश’ या नावाने युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समाविष्ट झालेल्या १२ किल्ल्यांत सिंधुदुर्ग आहे.

किनाऱ्याचे वैभव

किल्ल्याइतकाच किनाराही पाहण्याजोगा आहे. गाबित समाजाची रापण, म्हणजे अनेकांनी मिळून किनाऱ्यावर ओढावयाचे मोठे जाळे, हा सामुदायिक श्रमाचा उत्तम नमुना होय. नारळी पौर्णिमेस समुद्रास श्रीफळ अर्पण केले जाते, तर जत्रांच्या दिवसांत गावोगाव दशावतारी नाटके रंगतात. किल्ल्याभोवतीच्या उथळ समुद्रात प्रवाळ असून, १९८७ मध्ये येथील सुमारे २९ चौरस किलोमीटर क्षेत्र सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झाले.

आपली जबाबदारी

जागतिक मान्यतेमुळे पर्यटकांचा ओघ वाढणे स्वाभाविक आहे. त्यातून होडीवाले, खानावळवाले व घरगुती निवासव्यवस्था करणारी कुटुंबे यांना रोजगार मिळतो. परंतु विहिरीत टाकलेला कचरा, प्रवाळावर पडलेला नांगर किंवा रापणीच्या जागेवर झालेले अतिक्रमण यांमुळे ज्यासाठी पर्यटक येतो, तेच नष्ट होईल. हानी एकदा झाली की भरून निघणे कठीण. प्रवाळाची वाढ तर अत्यंत मंद असते.

यास्तव शालेय सहल नेणाऱ्या शिक्षकांनी विद्यार्थ्यांना विहिरी, तटाची रचना व रापण समजावून द्यावी आणि आणलेला कचरा परत नेण्याची शिस्त लावावी. पावसाळ्यात किल्ल्याची होडी-वाहतूक बंद असते, हे ध्यानी घेऊन सहलीचे दिवस ठरवावेत. किनाऱ्यावरील पंचायत सदस्यांनी वाहनतळ, स्वच्छतागृहे व कचरा संकलन यांचे नियोजन करताना मच्छीमारांना प्रथम विचारात घ्यावे. होड्या ओढण्यास व जाळी सुकविण्यास जागा उरली, तरच मालवणचा किनारा नांदता राहील.