जुन्या गाडीची वाढीव वॉरंटी : घ्यावी की नको?

मैत्रिणींनो, पापड-मसाल्याचा माल बाजाराला न्यायला किंवा घरच्या वापराला म्हणून आपल्या गटांतल्या कितीतरी जणी आता जुनी चारचाकी बघतात. गाडी पसंत पडते, किंमत ठरते, आणि सह्या करायच्या वेळेला विकणारा आणखी एक कागद पुढे सरकवतो. "ताई, वर पंधरा हजार भरा, वर्षभर इंजिनाची काळजी नाही." पैसा गटाच्या कर्जाचा असतो, म्हणून सही करण्याआधी हा कागद म्हणजे नेमकं काय ते समजून घेऊ.

आधी एक घोळ मिटवू. विमा वेगळा आणि वॉरंटी वेगळी. अपघात, चोरी, पुराचं पाणी हे विम्याचं काम. गाडीतला भाग आपोआप बिघडला तर तो दुरुस्त करून देणं हे वॉरंटीचं काम. कायद्याने बंधनकारक आहे तो विमा, निदान थर्ड पार्टीचा तरी. वॉरंटी घ्यायची की नाही हे पूर्ण आपल्या मर्जीवर. "वॉरंटी घेतल्याशिवाय गाडी नावावर होत नाही" असं कुणी म्हणालं तर ते खोटं समजा.

कागदात काय असतं, काय नसतं

जुन्या गाडीच्या वॉरंटीत बहुतेक वेळा इंजिन आणि गिअरबॉक्सचे आतले भाग येतात. क्लच प्लेट, ब्रेक पॅड, टायर, बॅटरी, बेल्ट, रबरी बुश हे झिजणारे भाग सहसा येत नाहीत. आणि जुन्या गाडीत सारखा खर्च निघतो तो ह्याच भागांवर.

आणखी चार अटी बारीक अक्षरात असतात. गाडी घेताना आधीपासून असलेला दोष धरत नाहीत. सर्व्हिस ठरलेल्या वर्कशॉपमध्ये, ठरलेल्या किलोमीटरला केली नाही तर दावा नाकारतात. एकूण किती रुपयांपर्यंत देणार याला मर्यादा असते. आणि आपल्यासाठी सगळ्यात महत्त्वाची चौथी अट : गाडी भाड्याने किंवा धंद्यासाठी वापरली तर बऱ्याच वॉरंट्या बाद होतात. पांढऱ्या पाटीची गाडी घेऊन भाडं मारलं तर वॉरंटी जातेच, विम्याचा दावाही अडकतो, आणि तो परवान्याचा भंग आहे तो वेगळाच.

हिशोब मांडून बघू

समजा वॉरंटीचे १५,००० रुपये, जीएसटी धरून. १८ टक्क्यांनी त्यातले जवळपास २,२८८ रुपये कराचेच. उरलेल्या १२,७१२ रुपयांतून विकणाऱ्याचं कमिशन, कंपनीचा खर्च आणि नफा निघतो. जे राहतं त्यातून सगळ्यांच्या गाड्या दुरुस्त करायच्या. म्हणजे दहा जणींनी पैसे भरले तर दहा जणींना मिळून त्यापेक्षा कमीच परत मिळणार. नाहीतर कंपनी चालेल कशी? एखादीला मोठा फायदा होईल, बाकीच्यांचे पैसे जातील.

वर हे पैसे गाडीच्या कर्जात घातले तर? १५,००० रुपयांवर १४ टक्के दराने ३ वर्षांत साडेतीन हजारांच्या आसपास व्याज जातं. वॉरंटी एका वर्षात संपते, हप्ते मात्र पुढची दोन वर्षं चालू.

मग कधी घ्यावी?

घेण्यासारखी वेळही असते. ऑटोमॅटिक गिअर किंवा टर्बो डिझेल इंजिन असेल, एक भाग बिघडला तरी मोठं बिल येणार असेल, हाताशी शिल्लक नसेल, गाडी फक्त घरच्या वापराची असेल आणि वर्कशॉप तालुक्याच्या गावी असेल, तर विचार करायला हरकत नाही. गाडी बनवणाऱ्या कंपनीच्याच जुन्या गाड्यांच्या दुकानात तपासलेल्या गाडीवर कधी कधी किमतीतच वॉरंटी मिळते. ती असेल तर वेगळे पैसे कशाला?

साधी पेट्रोल गाडी, हाताने गिअर टाकायचा, सुटे भाग कुठेही मिळतात आणि गावातला मेकॅनिक ती डोळे झाकून खोलतो. तिथे वॉरंटीची गरज कमी. वर्कशॉप साठ-सत्तर किलोमीटर लांब असेल तर टोइंगचा खर्च आणि बुडालेली मजुरी हेही मोजा.

गाडी दोन-तीन वर्षांचीच असेल तर आधी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला चेसिस नंबर देऊन विचारा. नव्या गाडीची मूळ वॉरंटी शिल्लक असेल तर ती सहसा गाडीबरोबर नव्या मालकाकडे येते.

त्यापेक्षा हे करा

सौदा पक्का करण्याआधी आपल्या ओळखीचा मेकॅनिक पैसे देऊन सोबत न्या. विकणाऱ्याचा नको. गाडी थंड असताना सुरू करायला सांगा. निळा धूर आला तर इंजिन ऑइल जळतंय. ऑइलच्या झाकणाखाली दुधासारखा चिकट थर दिसला तर ऑइलमध्ये पाणी मिसळत असण्याची शंका घ्या. पूर्वीच्या सर्व्हिसची बिलं मागा.

मग वॉरंटीचे तेच १५,००० रुपये दरमहा १,२५० प्रमाणे वेगळ्या दुरुस्ती खात्यात टाका. गाडी गटाची असेल तर बैठकीत तसा ठराव करून इतिवृत्तात लिहा. बिघाड झाला नाही तर पैसे आपलेच, झाला तर झिजणाऱ्या भागांनाही चालतात. एकच अडचण : पहिल्याच महिन्यात मोठा बिघाड निघाला तर खात्यात पुरेसं नसेल. म्हणून सुरुवातीला थोडी रक्कम बाजूला ठेवूनच गाडी घ्या. सगळी पुंजी गाडीतच घालू नका.

घ्यायचीच ठरली तर सहीआधी विचारा

१. कोणते भाग धरले आहेत, त्यांची यादी द्या.
२. पैसे देणारी कंपनी कोणती? दुकान बंद पडलं तर कुणाकडे जायचं?
३. जास्तीत जास्त किती रक्कम मिळेल? मजुरी धरली आहे का?
४. आमच्या वापराला चालेल का? तसं लिहून द्या.
५. गाडी विकली तर वॉरंटी पुढच्या मालकाला जाते का?

तोंडी शब्दाला किंमत नाही, कागद घरी नेऊन वाचा. "आजच घेतली तर सूट" म्हणणाऱ्याला उद्या या म्हणावं.

योग्य दावा नाकारला तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार करता येते. पुढे जिल्हा ग्राहक आयोग आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी लागत नाही, आणि तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते. स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेतलेल्या वस्तूचीही तक्रार करता येते. म्हणून बिल, वॉरंटीचा कागद आणि सर्व्हिसच्या पावत्या गटाच्या दप्तरात जपून ठेवा.