चाकांवरच्या घराची भिंत

पत्र्याचे छप्पर गळू लागले म्हणजे आपण पत्र्याला दोष देतो. पण वर चढून पाहिले तर पाणी येत असते खिळ्याच्या भोकातून! आजचा विषय दूरचा असला तरी ही गोष्ट ध्यानात असू द्या.

मोटारीमागे जोडून न्यायचे राहते घर म्हणजे कॅराव्हॅन. इंग्लंड-अमेरिकेत त्याची मोठी हौस. १८८५ साली डॉ. गॉर्डन स्टेबल्स या स्कॉटिश लेखकाने असे एक घर बांधून घेतले. भिंती महोगनी लाकडाच्या, ओढायला दोन घोडे. देखणे, पण जड. पुढे मोटारी आल्या आणि वजन कमी करणे भाग पडले. प्लायवूड, हार्डबोर्ड वापरून झाले. पण त्यांच्या कडा पाणी पीत आणि फुगत.

मग आले ॲल्युमिनियम. लोखंडाच्या एक-तृतीयांश वजनाचे, आणि तांबडा गंज नाही. १९३६ साली अमेरिकेत वॉली बायम यांनी विमानासारखे रिवेट मारून चकचकीत 'एअरस्ट्रीम क्लिपर' काढले. साध्या गाड्यांत मात्र लाकडी सांगाड्यावर पातळ पत्रा ठोकीत. आता गंमत पाहा. सहा मीटर लांबीचा हा पत्रा चाळीस अंश तापला की पाचसहा मिलिमीटर वाढतो, रात्री पुन्हा आखडतो. रोजच्या या ओढाताणीत सांध्यातले लुकण सुटते. पाणी आत जाते, लाकूड कुजते, आणि बाहेरून पत्रा लखलखीत तो लखलखीतच! गारांनी पोचे येतात ते वेगळेच.

फायबरग्लास म्हणजे काचेचे तंतू कृत्रिम राळेत बसवून केलेला पत्रा. उन्हाने त्याची झळाळी जाते, जोराचा मार बसला तर तडा जातो. पण ठिगळ लावता येते. १९६८ साली कॅनडात विनिपेग येथे 'बोलर' ही छोटी गाडी निघाली. साच्यातून काढलेल्या दोन वाट्या एकमेकींवर बसवायच्या, की झाले घर! मोठा सांधा एकच. मला विचाराल तर खरी अक्कल इथे दिसली. मात्र फायबरग्लासचे सपाट तक्ते कोपऱ्याकोपऱ्यांत जोडले, तर जुने दुखणे कायमच राहते.

म्हणून जुनी कॅराव्हॅन घेणारा जाणता माणूस चकाकी पाहत बसत नाही. खिडकीखाली आणि कोपऱ्यांत तो आतून अंगठ्याने दाबून पाहतो. भिंत मऊ लागली, की भाव विचारीत नाही.