नवा गडी, नवे राज्य

परवा रविवारी सकाळी चहाचा कप घेऊन मुलगी माझ्या खुर्चीमागे येऊन उभी राहिली. संगणकाच्या पडद्यावर एक आडदांड गडी कुऱ्हाड परजत माळरानावरून धावत होता. तिने दोन मिनिटे निमूटपणे पाहिले आणि विचारले, "बाबा, हा तोच खेळ ना? तू लग्नाआधी काकाबरोबर खेळायचास तो?"

"तोच."

"शेवटी काय होतं ते ठाऊक आहे तुला?"

"पाठ आहे."

"मग?"

तिच्या या 'मग'चे उत्तर मला चहा निवेपर्यंत देता आले नाही. आठवडाभर डोक्यात मात्र तेच घोळत राहिले.

ज्यांच्या घरात हे खूळ शिरलेले नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. खेळाचे नाव 'डायब्लो-२'. या जातीच्या खेळांना 'अ‍ॅक्शन रोल-प्लेइंग' म्हणतात. म्हणजे असे की, तुम्ही एक सोंग घ्यायचे. कुणी कुऱ्हाड चालवणारा बार्बेरियन, कुणी आगीचे गोळे फेकणारी चेटकीण, कुणी मुडद्यांना उठवून कामाला लावणारा नेक्रोमॅन्सर. मग राक्षस मारायचे, ते पडले की त्यांच्याजवळचे वेचायचे, त्यातले बरे ते अंगावर चढवायचे आणि पुढच्या, जरा जास्त दांडग्या राक्षसाकडे निघायचे. बस्स! कथानक म्हणाल तर चातुर्मासातल्या एखाद्या कहाणीतही त्याहून अधिक वळणे सापडतील. एकदा संपवला की खेळ संपायला हवा. पण तो संपत नाही. २००० साली आलेला हा खेळ लोक अजून खेळताहेत, आणि त्याच घराण्यातले नंतरचे, अधिक देखणे खेळ काही जणांना महिन्याभरात कंटाळवाणे झाले. हे असे का व्हावे?

हे घराणे कॅलिफोर्नियातले. डेव्हिड ब्रेव्हिक आणि मॅक्स व एरिक हे शेफर बंधू यांची 'कॉन्डॉर' नावाची छोटी कंपनी होती. १९९६ साली ती 'ब्लिझार्ड'ने विकत घेतली. डायब्लो म्हणजे स्पॅनिशमध्ये सैतान. पण खेळाला ते नाव पडले तिकडच्या 'माउंट डायब्लो' या डोंगरावरून, ज्याच्या पायथ्याशी ब्रेव्हिक राहिला होता. मूळ बेत बुद्धिबळासारखा होता. एक चाल तुमची, एक राक्षसाची. 'ब्लिझार्ड'वाल्यांचा आग्रह की खेळ धावता करा. ब्रेव्हिकचा त्याला विरोध. शेवटी एका दुपारी त्याने तो बदल करून तर पाहिला. माउसचे बटण दाबले, पडद्यावरचा योद्धा चालत गेला आणि त्याने समोरचा सांगाडा फोडला. ब्रेव्हिकचा विरोध तिथेच संपला, असे त्याने स्वतःच २०१६ साली एका व्याख्यानात सांगितले.

ब्रेव्हिकवर 'मोरिया', 'अ‍ॅंगबॅंड' अशा जुन्या खेळांचा पगडा होता. त्या खेळांत चित्रे नव्हतीच. भिंती, राक्षस, नायक सारे कीबोर्डवरच्या खुणांनी काढलेले. पण त्यांचे दोन नियम कडक होते. चक्रव्यूह दर वेळी नवा, आणि मेलात की मेलात. यातला पहिला नियम 'डायब्लो'ने जसाच्या तसा उचलला. १९९६ च्या अखेरीस आलेल्या पहिल्या खेळात देवळाखाली सोळा मजले होते आणि प्रत्येक नव्या डावात त्यांच्या भिंती नव्याने उभ्या राहत. वाटेत कोणती कामगिरी गळ्यात पडणार, तेही जणू चिठ्ठ्या टाकून ठरे.

मला हे वाचताना वाईची आत्या आठवली. मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही सारी भावंडे तिच्याकडे जमत असू आणि दुपारी माडीवर पत्त्यांचा अड्डा पडे. मेंढीकोट, पाच-तीन-दोन, झब्बू. पाने तीच बावन्न, त्यातले इस्पिकच्या राणीचे तर कोपऱ्यात फाटलेले, म्हणजे पाठीमागूनही ओळखू येणारे. तरी "हा डाव काल खेळलो होतो" असे कुणी कधी म्हणाले नाही. आत्या पाने पिसायची फार सुरेख. आणि तिचा एक नियम होता, ज्यापुढे कुणाच्याही रडण्याची मात्रा चालत नसे. टाकलेले पान उचलायचे नाही.

'डायब्लो-२' हा आत्याच्या माडीवर बसू शकला असता, असा खेळ आहे.

२००१ साली आमच्या घरी सुटे भाग जोडून घेतलेला संगणक आला. बाहेरच्या खोलीत, प्लॅस्टिकच्या आवरणाखाली, जणू नवी नवरीच. मला नुकती नोकरी लागली होती, धाकटा भाऊ इंजिनिअरिंगला होता. संगणक एक आणि खेळणारे दोन, तेव्हा आम्ही कामे वाटून घेतली. माउस माझ्याकडे, आणि आकड्यांच्या चार कळा भावाकडे. या खेळात कमरेच्या पट्ट्याला औषधाच्या बाटल्या असतात. एक ते चार या कळा दाबल्या की त्या तोंडाला लागतात. लाल बाटली प्राणाची, निळी मंत्रशक्तीची. मी मारामारी करायची आणि जीव जायला लागला की मी ओरडायचे, "लाल!" पुढे पुढे मला ओरडावे लागेना. भावाची नजर माझ्या नायकाच्या प्राणावर असे, माझी राक्षसावर.

आमचा पहिला बार्बेरियन आम्ही मोठ्या मायेने बिघडवला. नायक एकेक पातळी चढतो तेव्हा त्याला शक्ती, चपळाई वगैरेंसाठी पाच गुण मिळतात आणि विद्येसाठी एक. आम्ही तो एक गुण प्रसादासारखा सगळ्यांना वाटला. थोडी तलवार, थोडी उडी, थोडी आरोळी. पहिल्या दोन फेऱ्यांत, म्हणजे 'नॉर्मल' आणि 'नाइटमेअर'मध्ये, हे खपून गेले. तिसऱ्या 'हेल' नावाच्या फेरीत शिरलो आणि आमचा सर्वगुणसंपन्न गडी पहिल्याच माळरानावर एका क्षुद्र पिशाच्चाकडून मार खाऊन पडला. गुण परत घेण्याची सोय नव्हती. दोन महिन्यांची मेहनत! भाऊ रात्री जेवला नाही. सकाळी कॉलेजला निघताना दारातूनच म्हणाला, "दादा, संध्याकाळी नवा काढू. या वेळी फक्त आरोळ्या आणि कुऱ्हाड."

मला वाटते, मुलीच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर इथे आहे. आम्ही पुन्हा सुरुवात केली ती नकाशा नवा होता म्हणून नव्हे. नवा नकाशा हा नुसता पिसलेला पत्ता. आम्ही पुन्हा बसलो, कारण आधीच्या डावात आमचे काहीतरी चुकले होते आणि ते त्या डावात दुरुस्त होणार नव्हते. मधले कंटाळवाणे भागही मग सुसह्य होतात. कंटाळवाणे भाग आहेतच. दुसऱ्या अंकातले ते अळ्यांचे बीळ, जिथे धड वळताही येत नाही, ते ज्याने कुणी रचले त्याला एकदा तिथेच कोंडायला हवे.

पुढे २०१० साली या खेळातही दुरुस्तीची मुभा आली, पण मोजून. प्रत्येक फेरीत एक गुहा साफ केली की एकदा, आणि त्याहून अधिक हवी तर भरपूर उंबरठे झिजवल्यावर.

मे २०१२ मध्ये 'डायब्लो-३' आला. पहिल्या चोवीस तासांत पस्तीस लाखांहून अधिक प्रती खपल्या. मी सुट्टी काढून खेळायला बसलो आणि पहिले चार दिवस भान नव्हते. कुऱ्हाडीचा घाव इतका भरीव की हाताला जाणवावा. पण या खेळाने आत्याचा नियम मोडला होता. विद्या केव्हाही बदला, हवी ती घ्या, नको ती ठेवा. शक्ती-चपळाईचे गुण तर खेळच आपोआप वाटणार. नवख्याला यात किती सोय! पण माझ्यासारख्याची पंचाईत झाली. बार्बेरियन एकदा शेवटच्या पातळीला नेला की दुसरा बार्बेरियन काढायचा कशाला? पहिल्यातच सगळे बार्बेरियन सामावलेले.

त्यात भर म्हणजे लिलावघर. तुम्हाला मिळालेली तलवार दुसऱ्या खेळाडूला विकायची, चक्क खऱ्या पैशांतही. हेतू वाईट नव्हता. जुन्या खेळात हा व्यापार चोरून चालायचाच, तो उजेडात आणावा, एवढाच. पण परिणाम विचित्र झाला. राक्षस मारून जे मिळायचे ते बाजारात स्वस्तात मिळू लागले, आणि गडी रानात भटकण्याऐवजी बाजारभाव बघत बसू लागले. खेळाचे दिग्दर्शक जे विल्सन यांनी २०१३ मध्ये जाहीरपणे मान्य केले की लिलावघराने खेळाचे नुकसान केले. १८ मार्च २०१४ रोजी ते बंद झाले आणि त्याच महिन्यात 'रीपर ऑफ सोल्स' ही पुरवणी आली. तिच्यानंतर खेळ सुधारला, हे आमच्यासारख्या कुरकुऱ्या मंडळींनाही कबूल करावे लागले.

इथपर्यंत लिहून मी मुलीला वाचायला दिले. ती म्हणाली, "म्हणजे 'तीन' वाईट? मग आपण तीनदा कसा संपवला?"

हे मी सोयीस्कर विसरलो होतो. टीव्हीला जोडायच्या यंत्रांवर हा तिसरा खेळ एकाच पडद्यावर चौघांना खेळता येतो. ती शाळेत असताना दिवाळीच्या सुट्टीत आम्ही दोघे सोफ्यावर मांडी घालून बसायचो. ती चेटकीण, मी बार्बेरियन. विद्या वाटेल तेव्हा बदलता येत होत्या म्हणूनच दहा वर्षांच्या पोरीचे रडू वाचत होते. कधी चुलीजवळून बायकोचा आवाज यायचा, "राक्षस झाले असतील मारून तर ताटं घ्या." आम्ही तो तीनदा संपवला आणि एकदाही कंटाळलो नाही. माझा सिद्धांत इथे जरा लंगडतो. लंगडू दे.

जून २०२३ मध्ये आलेल्या 'डायब्लो-४' विषयी फार लिहीत नाही. देखणा आहे, जग अफाट आहे. पण तुम्ही वाढलात की राक्षसही तुमच्याबरोबर वाढतात, त्यामुळे कालच्या गुंडाला आज सहज लोळवण्याचे सुख उणावते. आणि हंगाम! दर काही महिन्यांनी सगळ्यांनी पाटी पुसून शून्यापासून सुरू करायचे. ही युक्ती जुन्या खेळातही होती. आता ती कॅलेंडरसारखी झाली आहे. नवा गडी, नवे राज्य हे आम्ही भांडून, हरून, रुसून म्हणत होतो. तारीख आली म्हणून म्हणायचे, यात ती चव नाही. मुलीला मात्र हंगाम आवडतात. तिच्या मैत्रिणी सगळ्या एकाच दिवशी सुरू करतात, त्याची तिला मौज वाटते.

एक गोष्ट लपवण्यात अर्थ नाही. या सगळ्यात जुगाराचा अंश आहे. राक्षस पडला की काय मिळेल हे नशिबावर. शंभरदा कचरा, एकदा सोने. स्किनर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने कबुतरांवर प्रयोग केले होते. किती टोचांनी दाणा पडेल याचा भरवसा नसला की कबुतर टोचतच राहते. 'डायब्लो-२'मधल्या मेफिस्टो नावाच्या राक्षसाला मी एका पावसाळ्यात रोज रात्री तीस-तीस वेळा मारले आहे. पाऊस कधी थांबला ते कळले नाही. त्याला मी आनंद म्हणणार नाही. तो कबुतराचा उद्योग. आठवड्याचे दोन तास म्हणजे वर्षाचे शंभर होतात. आणि मी दोन तासांवर थांबत नव्हतो. घरात हा खेळ असेल तर आईबापांनी मुलांना एवढेच विचारावे: नवा डाव मांडलायस, की दाणे टिपतोयस? उत्तर मुलांना माहीत असते.

वडील गेले आणि घराच्या वाटणीवरून माझे आणि भावाचे बिनसले. मी दोन वाक्ये बोललो. ती परत घेता आली नाहीत. तो बंगळुरूला गेला. सणावाराला मेसेज, बाकी काही नाही. सहा वर्षे अशी गेली. सप्टेंबर २०२१ मध्ये 'डायब्लो-२' नव्या रूपात आला. खेळ आतून तोच, वरून नवी चित्रे. आणि एक कळ दाबली की पुन्हा वीस वर्षांपूर्वीची ओबडधोबड चित्रे. त्याच आठवड्यात भावाचा मेसेज आला. "दादा, घेतलास का?" एवढाच.

आता रविवारी रात्री फोन स्पीकरवर ठेवून आम्ही दोघे इंटरनेटवरून खेळतो. प्रत्येकाचा माउस वेगळा, बाटल्या वेगळ्या. घराविषयी आम्ही अजून बोललेलो नाही.

गेल्या रविवारी नवा डाव होता. तो नेक्रोमॅन्सर, मी बार्बेरियन. दुसऱ्या अंकात अंतराळात तरंगणारी एक जागा आहे. तिथून चार दिशांना चार वाटा फुटतात आणि आपल्याला हवा असलेला मांत्रिक त्यांपैकी एकीच्याच टोकाला असतो. कोणत्या, ते दर डावाला बदलते. आम्ही नेहमी चौथ्या वाटेला त्याला गाठतो, हे घराण्याचे नशीब.

"डावीकडे," भाऊ म्हणाला.

"मागच्या वेळीही डावीकडेच म्हणाला होतास."

"म्हणूनच."

डावीकडे कुणीच नव्हते. म्हणजे मांत्रिक नव्हता. त्याची भुते होती, पंधरा-वीस तरी. मी कुऱ्हाड उगारून आत घुसलो आणि चारी बाजूंनी घेरला गेलो. फोनमधून भाऊ ओरडला, "दादा, लाल! लाल!"